शनिवारचं फुकट गाणं

अकोला, १९ एप्रिल १९६३

दादास भागीरथाचा जयभीम.

अक्षरावरून कळलंच असेल कोणाचं पत्र आहे ते. तुम्हीच शिकवलेलं अक्षर आहे, तेव्हा वाकडं आलं तर नावं ठेवू नका. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाडा. यात भांडण नाही. या पानावर तरी नाही.

कामाचं आधी सांगते. आमच्या कापसाच्या जिनचा हंगाम संपला. रेचे बंद, सरकी उचलून झाली, आणि एवढं मोठं आवार नुसतं तापत पडलं आहे. इथं नगरपालिकेचे एक मेंबर आहेत, खुशालराव म्हणून. त्यांचं डोकं कधी गप्प बसत नाही. त्यांनी शेटजींकडून ते आवार मागून घेतलं आणि चार मेपासून एक जूनपर्यंत दर शनिवारी संध्याकाळी तिथं गाण्याचा कार्यक्रम ठेवला आहे. फुकट. तिकीट नाही, पास नाही, मोठ्या लोकांच्या खुर्च्या नाहीत. ज्यानं त्यानं आपली सतरंजी आणायची आणि बसायचं. गाणार कोण, तर जुनी माणसं. एके काळी ज्यांचं नाव वऱ्हाडभर होतं आणि आता ज्यांना कोणी बोलावत नाही, अशी. नव्या पार्ट्या महाग पडतात हे त्यांनी सांगितलं नाही, ते मी समजून घेतलं.

तर हे खुशालराव परवा माझ्या खोलीवर आले. मी गोण्या शिवत होते. जिन बंद झाली की उन्हाळाभर धान्याच्या गोदामाचं तेच काम मिळतं. दारात उभे राहून म्हणाले, "पंजाबराव-भागीरथा पार्टीतल्या भागीरथाबाई तुमीच काय?"

दादा, ते नाव एवढं सगळं, जोडून, सहा वर्षांत कोणी घेतलं नव्हतं. मी दाभण गोणीत खोचलं. मग म्हटलं, "मीच. पन पार्टी आता कुठं हाये?"

त्यांनी आपल्याला वलगावला ऐकलं होतं म्हणे. लहान होते, लिंबाच्या झाडावर बसून ऐकता ऐकता डोळा लागला आणि खाली पडले. मनगटाचं वाकडं हाड दाखवलं मला, मोठ्या अभिमानानं. म्हणाले, "एक जूनचा शनिवार, शेवटचा, तो तुमचा. पन दोघाईचा. भाऊ पुढं, बहीन मांगं, तसंच पाह्यजे लोकाईले."

मी त्यांना काय उत्तर दिलं ते पुढच्या पत्रात लिहीन.

यंदा चौदा एप्रिलला इथं नव्या मुलांची पार्टी होती. त्यांनी "उजेड पेरत ये गड्या, अंधार कापून नेऊ" म्हटलं. चाल जरा धावती केली आहे. तुमचं नाव घेतलं नाही. मी मागं बायांत उभी होते. उठून सांगावं असं फार वाटलं, पण सांगणार काय, की हे माझ्या भावानं रचलं आणि तो माझ्याशी बोलत नाही?

आपल्या पार्टीचा डोमाजी गेल्याचं कळलं असेल. ढोलकी त्याच्या मुलानं विकली.

सूर्यभानला आणि कौशल्येला जयभीम सांगा. सून म्हणून आणली तेव्हा पोर एवढीशी होती, आता घर सांभाळते असं ऐकते.

तुमची
भागी


अकोला, ५ मे १९६३

दादास जयभीम.

उत्तर आलं नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं. आणखी एकदा विचारलं तर तो म्हणेल, या बाईला या वयात कोणाच्या पत्राची एवढी घाई. असो.

काल पहिला शनिवार झाला. तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. ऊन कलल्यावर बैलगाडीवरच्या टाकीतून आवारभर पाणी मारलं. जमिनीतून असा वाफारा निघाला की आधी आलेली मंडळी फाटकाबाहेरच थांबली. मग हळूहळू भरलं. बाया लेकरं घेऊन, म्हातारे ताडाचे पंखे घेऊन. एक जण तर खाटच घेऊन आला आणि मागं टाकून आडवा झाला. कापूस निवडायला आम्ही जिथं बसतो ना, बरोबर त्याच जागेवर तख्त मांडलं होतं. दोन्ही बाजूंना भोंगे.

काल गायले चंद्रभान. नाटक कंपनीत बाईचं काम करायचे ते. धामणगावला त्यांची कंपनी आली होती तेव्हा आपल्याला आत सोडलं नव्हतं, आणि आपण कनातीला कान लावून पूर्ण नाटक ऐकलं होतं, आठवतं? आता सत्तरीला आले. केस काळे कुळकुळीत केलेले, तोंडात कवळी. पहिल्याच तानेला कवळी हलली आणि मुलं खदखदून हसली. त्यांनी शांतपणे ती काढली, रुमालात बांधली, खिशात ठेवली आणि पुढं गायले. शब्द काही समजत नव्हते, पण मुलं गप्प झाली. मात्र लोकांना त्यांचं एकच गाणं हवं होतं. ते झालं तसं अर्धं आवार सतरंज्या झटकून उठलं. ते तरी गात राहिले. मला बघवेना, म्हणून मी तख्ताच्या मागं गेले.

तिथं गाणाऱ्यांसाठी पाण्याचा रांजण होता आणि वर दोन ग्लास, एक पितळी आणि एक जर्मनचा. तिथल्या माणसानं माझ्याकडं पाहिलं आणि जर्मनचा पुढं सरकवला. मी पितळी उचलला, पोटभर पाणी प्यायले, आणि चंद्रभान गाणं संपवून आले तेव्हा त्याच ग्लासात त्यांना भरून दिलं. ते घटाघटा प्यायले. मग कवळी बसवून विचारलं, "बाई, आपण कोण?"

मी म्हटलं, "शेवटचा शनिवार."

ते म्हणाले, "जोडी ना? बरं आहे तुमचं. एकट्यानं फार लांब वाटतं हो हे आवार."

आता राहिलेलं सांगते. खुशालरावांना मी म्हटलं, "दादा येतो म्हणाले." तुम्हाला न विचारता म्हटलं. तोंडातून निघून गेलं आणि मग ते परत घ्यावंसं वाटलं नाही. तेव्हा आता तुम्ही येतो म्हणालेले आहात. तुमच्या शब्दाला तुम्ही किती पक्के ते सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे.

अमरावतीहून सकाळची मोटार धरली तर जेवायच्या वेळेला इथं. पिठलं-भाकरी करून ठेवीन. भांडण जेवल्यावर करू.

भागी


अकोला, १३ मे १९६३

दादास जयभीम.

तुम्ही लिहीत नाही तर नका लिहू. मी लिहिते. मला लिहायला आवडतं असं नाही, पण दुसऱ्या कोणाला सांगू?

खुशालरावांनी पेटीसाठी एक माणूस दिला आहे. रामराव नाव. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो आणि पेटीही धरतो. काल तो तालमीला आला. खाली बसला, भाता उघडला आणि विचारलं, "बाई, तुमची पट्टी कोनती?"

मी म्हटलं, "काळी दोन."

त्यानं काळी दोनचा सूर दिला. मी घेतला. मधल्या सुरांत कसंबसं निभावलं, पण वरच्या षड्जाला माझ्या गळ्यातून जे निघालं ते ऐकून शेजारची शेळी उठून उभी राहिली. रामराव हसला नाही, बिचारा. म्हणाला, "हे तुमची पट्टी नाई. हे कोन्या मानसाची हाये."

कोणा माणसाची म्हणजे कोणाची, ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही काळी दोनमध्ये गायचे म्हणून पार्टी काळी दोनमध्ये गायची. मी एकोणीस वर्षं तिथं ओरडत होते. तरुणपणी गळा चालून गेला, आणि मला वाटायचं बायांचं गाणं असंच असतं, टाचा वर करून फळीवरचं भांडं काढावं तसं. मग रामरावानं एक एक पट्टी देऊन पाहिली. काळी चारला आला तेव्हा मी खालचा षड्ज लावला आणि दादा, काय सांगू, आवाज आपोआप बसला. जाड आवाज आहे माझा. मला ठाऊकच नव्हतं.

मग तो म्हणाला, "घ्या मुखडा." मी घेतला, "अंधार कापून नेऊ."

तो म्हणे, "हे दुसरं अर्धं झालं. पहिलं?"

पहिलं अर्धं तुमचं. तुम्ही "उजेड पेरत ये गड्या" म्हणायचे, हात उचलायचे, आणि मग मी आणि डोमाजीनं मागून झील उचलायची. झीलकऱ्यानं पुढच्या गायकाचा हात उठल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा आपल्या पार्टीचा कायदा. त्यामुळं एवढ्या वर्षांत एकाही गाण्याचं पहिलं अर्धं माझ्या तोंडून निघालेलं नाही. मी सगळी गाणी अर्धी अर्धी जाणते. रामरावाला हे सांगितलं तेव्हा तो मात्र हसला.

आता तो हाताचा विषय निघालाच आहे तर धामणगावचं बोलू. दीक्षेनंतरची पहिली बुद्धजयंती. मैदान तुडुंब. तुमचा आवाज पहिल्या ओळीलाच फाटला आणि पुढं निघेना. हात उठला नाही. लोक बघत होते. मी झील उचलली आणि पुढची कडवीही मीच रेटली, आणि लोकांनी टाळ्या दिल्या. तुम्ही पेटी पेटाऱ्यात घातली आणि एवढंच म्हणाले, "म्या हात उचलला नोता." मग स्टेशनकडं निघून गेले. त्या दिवसापासून आजपर्यंत एक शब्द नाही.

हो, नव्हता उचलला. मग काय करायला पाहिजे होतं मी? पाच-सहाशे माणसांना तुमचं खोकणं ऐकवायचं होतं? आजही तशी वेळ आली तर मी तेच करीन. माफी मागायला हे पत्र नाही. तुम्ही यावं म्हणून आहे. तुमचा आवाज मधेच बसला तर मी सांभाळीन, आणि या वेळी तुमचा हात उठेपर्यंत थांबेन. एवढं कबूल करते. यापुढं माझ्याकडून खाली येणं होणार नाही.

भागी


अकोला, २१ मे १९६३

दादा,

आज टांगा फिरला. वर भोंगा बांधलेला. "येत्या एक जूनला, जिनच्या आवारात, वऱ्हाडची मशहूर जोडी, पंजाबराव आणि भागीरथा! मोफत! मोफत! मोफत!" गोदामातल्या बाया सुया थांबवून माझ्याकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, "हे तूच व्हय काय वं? मंग आमच्यात काहून बसून राहिली गोन्या शिवत?"

मी हसले. टांगा पार फाटकाकडं जाईपर्यंत आपलं नाव ऐकू येत होतं.

तिसरा शनिवार वाईट गेला. बाळापूरकडचे एक जुने कव्वाल होते. त्यांना दोन माणसांनी धरून तख्तावर बसवलं. निम्म्यात त्यांना कडवं आठवेना. मागून कोणी तरी शिट्टी मारली. फुकटचं गाणं, त्यामुळं लोकांना उठून जायला काही वाटत नाही. पैसे दिलेला माणूस पैसे वसूल होईपर्यंत तरी बसतो. मला आता रोज धडकी भरते.

अमरावतीची मोटार येते तेव्हा मी परवा स्टँडवर होते. भाजी घ्यायला गेले होते. कालही गेले होते. स्टँडवर भाजी मिळत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे, तेव्हा उगीच कशाला लपवू. उतरणारी सगळी माणसं संपेपर्यंत उभी राहिले, मग कंडक्टरनं विचारलं, "बाई, कोनी येनार व्हतं काय?" मी म्हटलं, "नाई."

एक ओळ लिहा. येत नाही असं लिहिलं तरी चालेल. कौशल्येकडून लिहवून घ्या. पण काही तरी लिहा.

भागी


अकोला, २७ मे १९६३

दादास,

काल सूर्यभान येऊन गेला. तुम्हाला सांगून आला की न सांगता, ते मी विचारलं नाही.

दारात उभा राहिला तेव्हा मी ओळखलंच नाही. तुमच्यासारखीच मान एका बाजूला. पाणी दिलं, गूळ दिला. कचेरीतलं काम कसं चाललं आहे वगैरे विचारलं. तो खाली बघून बोलत होता. मग म्हणाला, "आत्या, बाबाले गान्यासाठी बोलावनं आता बंद कर. पत्र आलं की त्याईले दोन दोन दिवस जेवन जात नाई."

मी तडकले. म्हटलं, "एवढा कशाचा ताठा रे तुया बाले? बहीन मेली तरी बोलनार नाई काय?"

तो म्हणाला, "बोलन कुठून? आवाज नाई त्याईले."

मग त्यानं सगळं सांगितलं. घशातली गाठ. नागपूरचा दवाखाना. दोन उन्हाळ्यांपूर्वीचं ऑपरेशन. की आता नुसती हवा निघते, आणि तुम्ही पाटीवर लिहून मागता, पाणी हवं असलं तरी. की तुम्ही सगळ्यांना ताकीद दिली होती, भागीला सांगू नका, ती येऊन रडत बसेल.

रडले असते, खरं आहे. काल रडलेच. पण सूर्यभानसमोर नाही, तो गेल्यावर.

दादा, मी तुम्हाला काय काय लिहिलं! उत्तर का देत नाही, शब्दाला पक्के, मधेच आवाज बसला तर सांभाळीन! आणि तुम्ही ते वाचत होते. धामणगावला आवाज फाटला ती सुरुवात होती की काय, हे आता मनातून जात नाही. मी समजत होते, पान जास्त खाल्लं म्हणून.

एक मात्र सूर्यभाननं जाता जाता सांगितलं. पट्टीचं पत्र आलं त्या दिवशी तुम्ही पेटी काढायला लावली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. काळी चारवर बोट ठेवून कितीतरी वेळ भाता हलवत बसले. कौशल्या आतून म्हणाली, "पेटी बिघडली काय वं माय? एकच सूर काहून येऊन राहिला?" हे सांगताना सूर्यभान हसला. मीही हसले.

मी त्याला विचारलं, "मी येऊ काय अमरावतीले?" तो चपला पायात सरकवत म्हणाला, "त्याईले इचारून कळवतो."

आज सकाळी खुशालरावांकडं गेले आणि खरं सांगून टाकलं. ते डोकं धरून बसले. म्हणाले, "बाई, गावभर टांगा फिरला. लोक जोडी ऐकाले येतीन. एकट्या झीलकरनीचं कोन ऐकनार?"

मी म्हटलं, "दोघाईले दिलेला शनिवार हाये. एक जन गाऊ शकत नाई, तं दुसरं अर्धं तं माह्यं हाये ना? तेवढं मले द्या."

शेवटी त्यांनी एक जागा दिली. अगदी सुरुवातीची, सूर्य मावळायच्या आधीची, लोक यायला लागतात तेव्हाची. माझ्यानंतर बँड. मी बरं म्हटलं. चंद्रभान म्हणाले होते आवार लांब वाटतं. बघू.

तुम्ही नका काही लिहू. मी रागावलेली नाही.

भागी


अकोला, ३ जून १९६३

दादास भागीरथाचा जयभीम.

झालं गाणं. मागून कुठून तरी उडत उडत ऐकाल, त्यापेक्षा मीच सांगते.

ऊन होतं अजून. सतरंज्या पसरणं चाललं होतं, लेकरं रांजणाशी भांडत होती. मी तख्तावर बसले तेव्हा पुढं फार तर पन्नास माणसं, त्यांतल्या निम्म्या आमच्या जिनच्या बाया. खुशालरावांनी भोंग्यातून सांगितलं की पंजाबरावांची तब्येत ठीक नाही. मागून एक जण ओरडला, "मंग जोडी कायची?" मला वाटलं आता उठावं. मग मी माइकसमोर तोंड नेलं आणि म्हटलं, "माह्या भावाचा आवाज गेला. गानं त्याचं हाये. मी म्हनतो." रामरावानं काळी चार दिली.

मी म्हटलं, "उजेड पेरत ये गड्या."

आणि थांबले.

दादा, मी खरंच थांबले. तोंड मिटून, मान थोडी उजवीकडं वळवून, तुम्ही बसायचे तिकडं. पुढचं अर्धं माझंच आहे, मलाच म्हणायचं आहे, हे ठाऊक असून. हात उठायची वाट बघत होते. रामरावानं तो तुकडा एकदा फिरवला, दुसऱ्यांदा फिरवला, मला डोळ्यांनी खुणावलं. मी तशीच. शेवटी पुढं बसलेल्या बायांतली एक चिडून म्हणाली, "गा ना वं! काहून थांबली?"

आवार हसलं. मीही हसले, आणि हसता हसता म्हटलं, "अंधार कापून नेऊ." तिथून पुढं आवाज मोकळा झाला. सगळी कडवी म्हटली, दोन्ही अर्धी. जाड, खालचा आवाज भोंग्यातून बाहेर जाताना मला ऐकू येत होता आणि हा कोणाचा, असं वाटत होतं. लोक येतच होते. काही उभे राहिले, काही बोलत राहिले. उठून कोणी गेलं नाही, पण जायला आधी आलं पाहिजे ना. संपल्यावर टाळ्या पडल्या. धामणगावसारख्या नाहीत. बऱ्या पडल्या. शिट्टीवाला गप्प होता. रामराव म्हणाला, "बाई, हे पट्टी सोडू नका." मग बँड तख्तावर चढला आणि खरी गर्दी तेव्हा झाली.

मी बँड ऐकायला थांबले नाही. चालत घरी आले. कुलूप काढलं, दिवा लावला, सकाळची भाकरी होती ती खाल्ली. आणि मग असं झालं की आता पुढं काय करावं तेच सुचेना. पूर्वी कार्यक्रम झाला की मोटारीत, नाही तर मूर्तिजापूरच्या फलाटावर गाडीची वाट बघत, तुम्ही सगळं गाणं उलगडून बसायचे. इथं घाई केली, तिथं श्वास चुकला, ढोलकी चढली. मला कंटाळा यायचा. मी झोपेचं सोंग घ्यायची. आणि परवा खोलीत बसून मी वाट बघत होते की कोणी तरी म्हणावं, भागी, दुसऱ्या कडव्याला तू घाई केली.

केलीच होती घाई. ते सांगणारं माणूस जगात एकच आहे. नवरा गेला, मूल झालं नाही, डोमाजी गेला. मला फार एकटं वाटतं दादा. सहा वर्षं वाटत होतं, पण तेव्हा राग होता, रागात दिवस निघून जातो. आता राग कोणावर करू?

सूर्यभाननं काही कळवलं नाही. तुम्हाला विचारलं असेल आणि तुम्ही पाटीवर काही लिहिलं नसेल, किंवा नको लिहिलं असेल आणि त्याला ते मला कळवायचा धीर होत नसेल. मी विचारणं सोडून दिलं आहे. एवढे दिवस तुम्ही या, तुम्ही या, हेच लिहीत होते. मोटार दोन्हीकडं जाते हे माझ्या लक्षात आलं नाही.

येत्या रविवारी मी सकाळच्या मोटारीनं निघते. गाण्यासाठी नाही. तुम्ही बोलायचं नाही, पाटी घ्यायची नाही, माफ केलं की नाही हेही सांगायचं नाही. बोलायचं काम मी करीन, त्यात मी पहिल्यापासून पटाईत आहे. दार उघडं असलं तर आत येईन. लावलेलं असलं तर ठोठावणार नाही, कौशल्येला हाक मारणार नाही. बाहेर ओट्यावर बसेन. दुपारची वेळ असेल, आणि अमरावतीचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. एवढ्या उन्हात बहिणीला किती वेळ बसवायचं, ते तुम्ही ठरवा.

भागी